ब्रेकबाईचा प्रेमाचा प्रयोग

३ ऑक्टोबर, सोमवार

वन्संनी दिलेली ही वही आज उघडली. त्या ज्या व्याख्यानांना जातात तिथे सांगतात की, जो आपल्याला हसतो त्याला भ्यायचं नाही, त्याच्यावर चिडायचंही नाही, त्याच्यावर प्रेम करायचं. रोज काय प्रेम केलं ते लिहून ठेवायचं. चाळीस दिवसांत समोरचा माणूस विरघळतो म्हणे. "वहिनी, तुला याची फार गरज आहे," वन्सं म्हणाल्या. त्यांनी ते प्रेमानेच म्हटलं असणार.

माझी गरज समोरच्या फुटपाथवर बसते. टायरवाला. पंक्चर काढणं, टायर बदलणं हा त्याचा धंदा आणि मला हसणं हा जोडधंदा. जुन्या टायरांची चळत रचून त्यावर हातात चहाचा कप घेऊन बसतो. माझ्या शिकाऊ माणसाने गाडी बंद पाडली की कप खाली ठेवून टाळ्या वाजवतो. कप खाली ठेवतो हे मला जास्त लागतं.

जूनमध्ये मी नोकरी सोडून गाडी शिकवायची शाळा काढली. सव्वीस वर्षं कचेरीत बसून लोकांच्या अर्जांतल्या चुका शोधल्या. म्हटलं, आता चुका व्हायच्या आधीच लोकांना शिकवावं. गाडी घेतली, पाटी लावली, शेजारच्या माझ्या सीटपुढेही एक ब्रेक आणि क्लच बसवून घेतला, म्हणजे शिकणाऱ्याने गोंधळ घातला तर मला गाडी थांबवता यावी. घोडं पेंड खातंय ते परवान्यापाशी. तो सहा महिन्यांचा, तात्पुरता आहे. पंधरा डिसेंबरच्या आत माझा निदान एक विद्यार्थी परीक्षा पास झाला नाही तर शाळा बंद. परवाना देणारा कारकून म्हणाला होता, "ही अट कुणी वाचतसुद्धा नाही हो, एखादा पास होतोच." आतापर्यंत तिघे बसले आणि तिघेही आपटले.

टायरवाल्याने माझं नाव ब्रेकबाई ठेवलंय. का, ते विचारायला मी गेलेले नाही.

४ ऑक्टोबर, मंगळवार

प्रेम, दिवस पहिला. माझ्याकडे शिकणाऱ्या शिंपीणबाईंनी त्याच्या दुकानासमोर दोनदा गाडी बंद पाडली. टाळ्या झाल्या. मी खिडकीची काच खाली केली आणि दोन्ही हात हलवून हसले. त्याने मागे वळून पाहिलं, मी कुणाला हात करतेय म्हणून.

पहिल्या दिवसाच्या मानाने ठीक.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

बिस्किटांचा पुडा नेऊन दिला. म्हटलं, "तुमच्या हसण्याने आमचा दिवस चांगला जातो." त्याने पुडा उलटसुलट करून तारीख पाहिली आणि म्हणाला, "बाई, काही चुकलं का माझं?" घाबरला बिचारा. प्रेमाची ताकद काही वेगळीच.

११ ऑक्टोबर, मंगळवार

उजवी पोटरी फार दुखते. पन्नाशी ओलांडली की शरीर हिशेब मागतं. रात्री तेल चोळत होते तर हे म्हणाले, "जेवताना मी मिठाकडे हात नेला की तू टेबलाखाली उजवा पाय दाबतेस. माहीत आहे तुला?" यांचं हे असंच. शाळा काढल्यापासून एकदाही माझ्या गाडीत बसलेले नाहीत. विचारलं की गुडघा पुढे करतात. तोंडाने काही म्हणत नाहीत, पण शाळा बुडाली की "मी म्हटलं होतं" हे वाक्य काढायला मोकळे. त्यांनी तसं कधीच म्हटलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

१६ ऑक्टोबर, रविवार

दुकानामागे टायरवाल्याची एक गाडी झाकून ठेवलेली आहे. वारलेल्या थोरल्या भावाची, असं शिंपीणबाईंकडून कळलं. दर रविवारी तो कापड काढतो, गाडी पुसतो, चारही चाकांत हवा भरतो आणि पुन्हा झाकून ठेवतो. गाडी वर्षानुवर्षं जागची हललेली नाही. स्वतः येतो जातो सायकलवर. न हलणाऱ्या गाडीत दर आठवड्याला हवा भरणारा माणूस मला हसतो, याला काय म्हणावं. मी गॅलरीतून त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं. त्याला दिसलं नाही, पण नियमात बसतं.

२० ऑक्टोबर, गुरुवार

गणिताचे सर नापास. चौथा बळी. निवृत्त माणूस, स्वभाव शांत, माझ्याबरोबर असताना गाडी लोण्यासारखी चालवायचे. परीक्षेला माझ्या जागी साहेब बसतात, पाय अगदी सीटखाली आखडून घेतात आणि कागदावर खुणा करतात. सर चौकात थांबलेच नाहीत. साहेबांनी विचारलं, "ब्रेक का नाही दाबला?" सर म्हणाले, "एरवी ती आपोआप थांबते."

सरांना वयामुळे असं वाटलं असावं.

परत आलो तर टायरवाल्याने खांबाला टांगलेल्या जुन्या टायरावर खडूने मोठं लिहिलेलं. "ब्रेकबाईंची गाडी. पन्नास फूट लांब राहा. नापास : ४." सर गेल्यावर मी दार लावून रडले. मग तोंड धुऊन दुकानातून एक भेटकार्ड आणलं, फुलांचं. त्यात लिहिलं, "आमच्या प्रगतीकडे आपले लक्ष असते, आभारी आहे." हसतील त्यांचे दात दिसतील. मी मात्र प्रेम करणार.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

त्याने कार्ड टायराशेजारीच टांगलंय. येणारी जाणारी माणसं दोन्ही वाचतात.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

आज तो रस्ता ओलांडून खिडकीपाशीच आला. "बाई, एक विचारू? गाडी कोण चालवतं? तुमचे मागचे लाल दिवे सारखे पेटलेले असतात. गिऱ्हाईक यावं म्हणून ठेवता का?" मागे चारपाच जण हसले. शिंपीणबाईंनी मान खाली घातली.

पूर्वीची मी असते तर त्याला चांगलं सुनावलं असतं. आता म्हणाले, "तुमचं भलं होवो." आणि काच वर केली. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. तो आणखी काही सांगत होता, पण काच वर असल्यामुळे ऐकू आलं नाही. प्रेमाचा हा एक मोठाच फायदा आहे.

२९ ऑक्टोबर, शनिवार

ब्रेकचे पॅड पुन्हा झिजले. जूनपासून तिसऱ्यांदा. मेकॅनिक म्हणतो, एवढ्यात टॅक्सीचेही झिजत नाहीत. हल्ली कंपन्या मालच हलका काढतात. पोटरी तशीच.

२ नोव्हेंबर, बुधवार

आज प्रयोग करायला वेळ मिळाला नाही. दुपारी भलताच घोळ झाला.

एक गिऱ्हाईक टायरवाल्यापुढे आडवी गाडी लावून, किल्ली त्याच्या हातात देऊन जेवायला निघून गेलं. तेवढ्यात पाण्याचा टँकर आला आणि रस्ता अडला. हॉर्नवर हॉर्न. टँकरवाला ओरडला, "अरे, जरा पुढे घे की गाडी." टायरवाला किल्ली हातात घेऊन उभा. मग गाडीत बसला. मग उतरला. चाकाकडे पाहायला लागला, जणू चाकातच काही बिघाड आहे. लोक जमले. कुणीतरी म्हणालं, "तीस वर्षं चाकं बसवतोय, चालवता येत नाही वाटतं," आणि सगळे हसले. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. त्याचा चेहरा दिसला. मला तो चेहरा माहीत आहे. चौथा नापास झाला त्या दिवशी तोंड धुताना आरशात पाहिला होता.

चिमटे तसेच टाकून खाली गेले. मोठ्याने म्हटलं, "अहो, ही गाडी मी चालवून बघणार म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाला? द्या किल्ली. उशीर माझाच झाला." गाडी पुढे घेतली. टँकर गेला. लोक पांगले. किल्ली त्याच्या हातात ठेवून मी वर आले.

एक चादर वाऱ्याने खाली पडून मळली. दिवस फुकट गेला.

३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी सहाला दार वाजलं. टायरवाला. हात धुऊन, केस विंचरून. यांनी चहा ठेवला. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि कपाशी बोलल्यासारखं बोलला.

"बाई, मला येत नाही. वीस वर्षांपूर्वी भावाने शिकवायला बसवलं, मी भिंतीला धडकवली. गल्ली जमा झाली. भाऊ सगळ्यात जास्त हसला. नंतर कधी बसलोच नाही." मग म्हणाला, "मला शिकवाल का? पण पहाटे सहाला. कुणी बघायला नको."

मी हो म्हणणारच होते. तेवढ्यात तो म्हणाला, "आणि एक सांगतो, रागावू नका. मी हसण्यावारी सांगत होतो, पण ते खरं आहे. शिकणाऱ्याआधी तुमचाच पाय ब्रेकवर जातो. त्यांचा पाय मोकळाच राहतो. म्हणून परीक्षेत आपटतात."

सव्वीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या मी. ज्याला गाडी जागची हलवता येत नाही, तो मला शिकवणार. म्हटलं, "सध्या जागा नाही."

तो गेल्यावर हे कप विसळत म्हणाले, "जागा तर सगळीच आहे." 

१० नोव्हेंबर, गुरुवार

शिंपीणबाई नापास. पाच. रडत म्हणाल्या, "तुम्ही शेजारी असलात की मला सगळं येतं हो." आणि दुसऱ्या शाळेत नाव घालणार म्हणाल्या. आता शाळेत विद्यार्थी उरला नाही आणि परवान्याचे पस्तीस दिवस उरलेत. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण लोक मला ऐकवणार. टायरावर पाचाचा आकडा असेल म्हणून मान वळवून आले, तर टायर पुसलेला. कार्ड तेवढं लटकतंय.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

गरजवंताला अक्कल नसते. रात्री टायरवाल्याला निरोप पाठवला, सहाला या.

आला. गाडीत बसायच्या आधी माझ्या बाजूचं दार उघडून खाली वाकला आणि पंक्चरवर खूण करायचा खडू माझ्या ब्रेकवर चांगला घासला. "लावलाच नाही पाय तर बूट काळाच राहील ना?" मी म्हटलं, "राहणारच." नवे बूट होते, तळ कोराकरकरीत.

मैदानामागच्या रस्त्यावर चाळीस मिनिटं गाडी चालवली. घाम त्याच्या मनगटावरून खाली येत होता. मी एकदाही ब्रेकला पाय लावला नाही. अगदी गळ्याशपथ.

घरी येऊन बूट उलटा केला. उजवा तळ पांढराफेक, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा.

"मी ब्रेक एकदाच दाबला, आता थांबवताना," तो म्हणाला. "गाडी अकरा वेळा थांबली. मी मोजत होतो." हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, मला चिडता आलं असतं. मी बूट हातात घेऊन पायरीवर बसून राहिले. पाच माणसं. सरांनी तर मला सरळ सांगितलं होतं, ती आपोआप थांबते. मी ते या वहीत माझ्याच हाताने लिहून ठेवलंय.

गाडीला आजवर एक ओरखडा नाही, हे मी सगळ्यांना अभिमानाने सांगत होते. कुणीतरी बघेल, हसेल, या धास्तीने माझा पाय पाच महिने दाबलेला होता. त्या पायाखाली पाच जणांची परीक्षा गेली. लाज वाटली. अजून वाटते आहे.

१४ नोव्हेंबर, सोमवार

पाय ऐकत नाही. जागेवर राहा म्हटलं की राहत नाही, ब्रेकवरून उठ म्हटलं की उठत नाही. शेवटी बूट काढून मागच्या सीटवर टाकले आणि सीटवर मांडी घालून बसले. टायरवाला म्हणाला, "बाई, पाय खाली ठेवा, मला भीती वाटते."

"मला काय कमी वाटते? चला पुढे."

१९ नोव्हेंबर, शनिवार

मुलांच्या शाळेच्या फाटकाचा खांब लागला. डाव्या दारावर वीतभर ओरखडा. मी डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे नक्की कसं झालं ते सांगता येत नाही. डोळे उघडले तर गाडी थांबलेली होती. थांबवली टायरवाल्याने.

"रंग मी लावून देतो," तो म्हणाला. मी म्हटलं, "राहू दे. आता एकदाचा पडला, पुढच्याची वाट बघायला नको." माझी मांडी मोडली नव्हती हे घरी आल्यावर लक्षात आलं. कंबर मात्र मोडली.

२८ नोव्हेंबर, सोमवार

आता तो चौकात नीट थांबतो. चढावर मात्र गाडी बंद पाडतो. आठ डिसेंबरच्या परीक्षेला त्याचं नाव घातलं. परवाना संपायच्या आधीची शेवटचीच परीक्षा आहे. त्याला हे माहीत आहे. मी दोनदा सांगितलं, नंतर मलाच बरं वाटलं नाही.

३० नोव्हेंबर, बुधवार

गल्लीला कळलं. सकाळी त्याच्याच टायरावर त्याच्याच खडूने कुणीतरी लिहून ठेवलेलं, "टायरवाला शिकतोय. घरातच बसा." त्याने ते पुसलं आणि दुकान अर्धंच उघडलं. उद्या येत नाही म्हणाला. परीक्षाही नको म्हणाला.

२ डिसेंबर, शुक्रवार

दोन दिवस आला नाही. आज दहा वाजता मीच रस्ता ओलांडून गेले आणि टायरांच्या चळतीवर त्याच्या शेजारी बसले. बसायला वाटतं तितकं वाईट नाही. जाणारे येणारे बघून हसत होते. एक जण म्हणाला, "वा, गुरू आणि चेला." कुणाला हात हलवावा, आभार मानावेत, असं काही सुचलं नाही. नुसती बसून राहिले. समोरून माझं घर, माझी गाडी, दारावरचा ओरखडा, सगळं दिसतं. हा माणूस पाच महिने हे बघत होता.

तो म्हणाला, "तिथे शंभर माणसं असतात बाई. चढावर बंद पडली तर?"

"तर परीक्षेचं राहू द्या. तुम्ही नुसतं सहाला येत जा."

असं का बोलून गेले कोण जाणे. परवान्याची आठवण घरी आल्यावर झाली. यांना सांगितलं तर म्हणाले, "बरं केलंस." म्हणजे हेही कामातून गेले.

८ डिसेंबर, गुरुवार

सहाला आला. इस्त्रीचा सदरा घातलेला. "कुठे जायचं?" मी विचारलं. "परीक्षेला," तो म्हणाला. "सदरा वाया जाईल नाहीतर."

साहेब माझ्या जागी बसले, पाय आखडून. मी दोरीच्या मागे लोकांत उभी. स्वतःच्या गाडीचे मागचे दिवे मी आज पहिल्यांदाच पाहिले. गाडी निघाली, दिवे बंद. वळण, बंद. चौक आला, लाल लागले, गाडी थांबली, पुन्हा बंद. माझा पाय जमिनीत रुतला होता, पण त्याचा आता गाडीशी काही संबंध नव्हता. हे फार चांगलं वाटलं आणि थोडं वाईटही.

चढावर बंद पडली. लोक हसले, तिथे सगळ्यांनाच हसतात. गाडीत काहीच हललं नाही. मी मनात दहापर्यंत मोजलं. मग गाडी सुरू झाली, तसूभरही मागे न येता वर गेली.

पास. साहेबांनी कागद दिला तेव्हा त्याने तो उलटसुलट करून तारीख पाहिली.

कारकुनाने मला कायमचा परवाना देताना विचारलं, "एकच?" म्हटलं, "एक तरी पास होतोच."

११ डिसेंबर, रविवार

सकाळी टायरवाल्याने कापड काढलं, नवी आणलेली बॅटरी बसवली, चाकांत हवा भरली, आणि भावाची गाडी बाहेर काढली. भिंतीपासून हातभर लांबून. शेजारी हे बसले होते, गुडघा कुठे ठेवला ते कळलं नाही. मी मागे, बूट काढून. दुकानासमोर आणि मग पुन्हा कोपऱ्यावर गाडी बंद पडली. गल्लीने टाळ्या वाजवल्या. त्याने काच खाली केली आणि दोन्ही हात हलवले. स्टिअरिंगवरचे हात काढायचे नसतात, हे उद्या सांगायला हवं.

दुपारी गणिताचे सर पुन्हा नाव घालायला आले. शिंपीणबाईंनाही निरोप धाडलाय.

१२ डिसेंबर, सोमवार

वन्संचा फोन. त्यांच्या मंडळात प्रत्येकीने आपला प्रयोग सांगायचा आहे. "वहिनी, तुझे चाळीस दिवस झाले असतील ना? तो विरघळला का?"

वही चाळली. खरं तेच सांगितलं. दोन नोव्हेंबरला प्रयोग बंद पडला. त्यानंतर इतकी गडबड होती की त्या माणसावर एक दिवसही प्रेम करायला सवड झाली नाही. वन्सं म्हणाल्या, "जाऊ दे, सगळ्यांना जमत नाही."

माझी पोटरी महिन्याभरात दुखलेली नाही. त्याची डावी मात्र क्लचने धरली आहे. तेलाची बाटली अर्धी उरली होती, ती मघाशी त्याला देऊन आले.